पहिली वही

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला डीलिया गेराटी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या थिएटरात पोचली. गावोगाव फिरून गाणी, नकला, कसरती करणाऱ्या मंडळींची सोमवारी धावपळ असते. आल्या आल्या आपली गाण्याची वही, म्हणजे बँडनं वाजवायची सुटी पानं घातलेली, रंगमंचाच्या कडेला ठेवायची. वह्या लागतील त्या क्रमानं बँडबरोबर तालीम. दोघांकडे एकच गाणं निघालं, तर ज्याची वही आधी, त्याचं गाणं. तिथं कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

डीलिया आणि तिची बहीण आयर्लंडमधल्या स्लायगोहून निघाल्या, तेव्हापासून वही ठेवायला पुढे पळायची ती धाकटी नोनी. तीन आठवड्यांपूर्वी प्रेस्टनच्या भाड्याच्या खोलीत ती छातीच्या दुखण्यानं गेली. त्या संध्याकाळी तिनं त्यांच्या गाण्याला एक नवं कडवं जोडलं होतं.

"थांब ना गं ताई, एकदा ऐकून जा," ती म्हणाली होती.

"खेळ आटपून येते, मग ऐकते," म्हणून डीलिया निघाली. खेळ रंगला. टाळ्या थांबेनात, म्हणून ती दोनदा रंगमंचावर परत गेली. खोलीवर पोचली तोवर सारं संपलं होतं. त्याबद्दल तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं. ते कडवं कुठं लिहिलेलंही नव्हतं.

म्हाताऱ्या दरवानानं, हिबर्टनं, कुलूप काढलं. "आज तूच पहिली बघ, पोरी."

पण रंगमंचाच्या कडेला एक वही होती. लाल कापडी पुठ्ठा, नोनीच्या हातची वेडीवाकडी शिवण. ही वही डीलियानं स्वतः शवपेटीत, नोनीच्या हातांखाली ठेवली होती. कापड ओलसर होतं. बोटांना माती लागली.

खरं तर तिनं पळून जायला हवं होतं. तिला मात्र वेडी आशा वाटली. तिनं आपली वही गुपचूप दुसरी लावली आणि थांबली.

साडेदहाला बँडमास्तर ऑगडेन आले. त्यांनी पहिली वही उचलली, पानं वाजवणाऱ्यांत वाटली.

"गेराटी भगिनी," ते म्हणाले.

डीलिया नेहमीसारखी उजवीकडे उभी राहिली. पहिली दोन कडवी तिनं म्हटली. मग ती गप्प झाली. पुढचं तिला येतच नव्हतं.

बँड थांबला नाही.

व्हायोलिनं दबली, गाणाऱ्याला सांभाळून घेताना दबतात तशी. ऑगडेन तिच्या डाव्या बाजूला बघून मान डोलवत होते. विंगेतल्या कसरतवाल्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला.

डीलियानं सारा जीव कानांत गोळा केला.

व्हायोलिनं ऐकू आली. फक्त व्हायोलिनं.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालमीत कधी कुणी टाळ्या वाजवत नाही.

"मास्तर," तिनं रंगमंचावरून खाली वाकून विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

ऑगडेन पानं गोळा करता करता थांबले.

"असं काय विचारतेस, बाई? अख्खं कडवं तुझा हात धरून म्हणाली की."