माल्टाला निघालेला माणूस

"माझ्या अप्पांना मी मारलं का, तेवढं मला सांगा," त्रिवेणी म्हणाली आणि मग खुर्चीवर बसली.

भागवतकाकांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. परभणीच्या स्टेशनरोडवरच्या त्या खाजगी तपासाच्या ऑफिसात लोक यायचे ते नवऱ्याची लफडी नाहीतर सोयरिकीआधीची चौकशी घेऊन. असला प्रश्न आजवर कुणी आणला नव्हता.

ऑफिस चालवणारी राजेश्री पूर्वी एका विमा कंपनीसाठी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करायची. मेलेल्या माणसाबद्दल जिवंत माणसं किती बिनदिक्कत खोटं बोलतात हे बघून तिची जीभ कडू झाली होती. तिचे मदतनीस भागवतकाका म्हणजे रिटायर हेडकॉन्स्टेबल. मनानं सोनं, डोक्यानं बैलगाडी.

"नीट सांग," राजेश्री म्हणाली.

त्रिवेणीला राणीसावरगावला दिलेली. माहेर गंगाखेडचं. वडील बसवंतराव यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, ते आता भाऊ विरेश चालवत होता. गेल्या महिन्यात एका सकाळी अप्पा देवघरात मरून पडलेले सापडले. शेजारी अर्धा प्यालेला चहा, आणि दुकानातल्याच औषधाची बाटली. पोलिसांनी आत्महत्या म्हणून कागद मिटवले.

"आदल्या दिवशी सकाळी मी फोनवर त्यांना लय बोलले. म्हणले, लग्न केलंत तर मला मेली समजा."

"कुणाचं लग्न?"

"अप्पांचंच!" तिच्या आवाजात अजून राग होता, आणि त्याची तिलाच लाज वाटली. "आई जाऊन वर्षं झाली. ह्यांनी कमलबाई नावाच्या नर्सबाईशी लग्न ठरवलं. आमच्या समाजातली बी न्हाई ती. रजिस्टर लग्न करायचं अन् दोघांनी माल्टाला फिरायला जायचं."

"हे माल्टा कोणत्या तालुक्यात येतं?" काकांनी विचारलं.

"भूमध्य समुद्रात येतं. तुम्ही भजी खा." राजेश्री त्रिवेणीकडे वळली. "अंत्यविधी कसा झाला?"

"आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून समाधी देतात. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या हातावर ठेवतात. अय्यांनी, म्हंजे आमच्या पुजाऱ्यांनी, अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी तवाच उघडली. आत लिंग धुतल्या फडक्यात गुंडाळलेलं, कोरडं, स्वच्छ. जन्मभर जपलं हो त्यांनी."

ती रडायला लागली. राजेश्रीनं तिला रडू दिलं.

काकांनी जुन्या ओळखीवर ठाण्यातून पंचनाम्याचे फोटो मिळवले. बसवंतराव भिंतीपाशी कलंडलेले. कप, बाटली. गळ्यात चांदीची डबी. डावा तळहात उघडा पडलेला, ओल्या भस्मानं माखलेला, त्यावर बेलाचं पान चिकटलेलं.

"भक्त माणूस होता," काका हळहळले.

"तेच म्हणते मी," राजेश्री म्हणाली, आणि फोटो बराच वेळ बघत बसली.

परभणीत सुगत नावाच्या तरुणाचं प्रवासाचं ऑफिस होतं; माल्टाची तिकिटं त्याच्याकडेच होती. बसवंतरावांचं नाव काढताच तो हसला आणि लगेच ओशाळला.

"माफ करा मॅडम. पण असं गिऱ्हाईक पुन्हा न्हाई मिळायचं. माल्टा आपल्या तालुक्याहून लहान देश हाय म्हणल्यावर म्हणाले, मग काय, पायीच हिंडू! त्या विमानाचा तर नुसता वैताग केला. म्हणे, पहाटे विमानात चहा देतात, मी अंघोळ अन् लिंगपूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंब तोंडात घेत न्हाई. तिथं उतरून पूजा होस्तोर माझा उपासच."

"मग?"

"मग काय, दुसरं विमान शोधलं. हैदराबादहून रात्री जेवून बसायचं, दुबईत थांबायचं, तिथं हॉटेलात अंघोळ, पूजा, मगच पुढं. मरायच्या आदल्याच रात्री मला फोन केला, बादली भेटंल का विचारायला. तिथं बादल्या नसतात म्हणालो तर म्हणे, मग घरून नेतो."

बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "बादली न्यायची ठरवून माणूस जीव देतो का हो मॅडम?"

"देतात कधी कधी. पण तुम्ही सुधारायलात, काका."

कमलबाई गंगाखेडलाच एका खोलीत राहत. रिटायर झालेल्या, उंच, कोरड्या बाई. त्यांची केरळची एक जुनी सोबतीण माल्टाच्या दवाखान्यात नर्स होती. तिनंच दोघांना बोलावलं होतं.

"तुमच्यावर संशय आहे, माहीत आहे ना?" राजेश्रीनं विचारलं.

"सगळ्या गावाला हाय. म्हाताऱ्याला नादी लावलं म्हणतात." त्यांनी पदर सावरला. "त्या सकाळी मी गेले होते तिथं. व्हिसाचे फोटो द्यायला. ओट्यावरूनच हाक मारली. आतून ते म्हणाले, पूजेला बसायलोय, फोटो सुनेजवळ, अनुपमाजवळ दे. दिले अन् निघाले. देवघरात मी कधीच पाय ठेवला न्हाई. त्यांच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. ते तापानं फणफणले होते तेव्हा बी मी शिवले न्हाई."

"तब्येत कशी होती?"

"ठणठणीत. फक्त करोनापासून वास येत नव्हता. दूध करपलं तरी पत्ता नसायचा. मला म्हणायचे, समुद्राचा वास कसा असतो ते तिथं तूच सांग मला." कमलबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "आमी दोघांनी बी समुद्र बघितला न्हाई हो. या वयात एवढंच मागितलं होतं."

बसवंतरावांच्या घरात विरेशनं राजेश्री आणि काकांना उभंच ठेवलं.

"पोलिसांनी मिटवलंय. त्रिवेणीला खामखा उकरायची हौस."

"तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"वर झोपलो होतो, पोर मामाकडं गेलेली. अनुपमाच्या ओरडण्यानं उठलो." तो एकदम उसळला. "हो, भांडलो मी अप्पांशी! पोरीची सोयरीक उदगीरच्या मोठ्या घरात जमलेली. साखरपुडा तोंडावर. अन् आजोबा लग्न करून विलायतेला फिरायला चाललाय! व्याही काय म्हणले असते? अप्पांना घंटा फिकीर नव्हती. दिवसभर ते माल्टा, न्हाईतर तो दगड."

"कोणता दगड?"

"लिंग हो. माझं मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हाच काढून टाकलं. तासतास दगड धुवत बसायचं, मला न्हाई पटत. ते अप्पा अन् अनुपमाचंच खूळ. अंघोळीचं पाणी, पूजेचं पाणी, बेल, सगळं तीच करायची. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं."

अनुपमा पाणी घेऊन आली. डोक्यावर पदर, आवाज मऊ. गावात जिचं उदाहरण देतात अशी सून. बोलताना तिची मूठ सारखी गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे जात होती.

"अप्पांनी पूजा उरकली अन् चहा मागितला. मी कप नेऊन दिला अन् शेजारी गेले. आले तर..." तिनं डोळे पुसले. "त्रिवेणीताईंचं बोलणं त्यांना लय लागलं होतं."

"पूजा पुरी झाली होती, नक्की?"

"त्याबिगर चहा घेतला असता का त्यांनी?"

"नसता घेतला," राजेश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना त्याच घरात बोलावलं. त्रिवेणी सासरहून आली. कमलबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, त्यांना कुणी बस म्हटलं नाही. भागवतकाका ठाण्यातल्या फौजदारांना घेऊन दाराशी बसले.

"बसवंतरावांनी आत्महत्या केलेली नाही," राजेश्री म्हणाली. "त्यांनी तो चहा तोंडाला लावलासुद्धा नाही. पूजा झाल्याशिवाय ते पाणी घेत नसत. त्यासाठी त्यांनी विमान बदलून घेतलं. आणि त्या सकाळी त्यांची पूजा पुरी झालीच नव्हती."

"झाली होती," अनुपमा हळूच म्हणाली. "लिंग डबीत होतं. अय्यांनी बी बघितलं."

"डबीत होतं, खरं आहे. धुतल्या फडक्यात, कोरडं, स्वच्छ. आणि हात? हात ओल्या भस्मानं माखलेला, बेलाचं पान चिकटलेलं. पूजा उरकलेला माणूस हात धुतो. न धुता त्या हातानं लिंग गुंडाळलं असतं तर फडक्याला भस्म लागलं असतं. हात घाण आणि लिंग स्वच्छ, ही एका माणसाची करणी नव्हे. ते लिंग दुसऱ्या कुणीतरी पुसून डबीत ठेवलं."

विरेशचं तोंड उघडंच राहिलं.

"पूजेत ते लिंग तळहातावर घेत. पाणी वाहत. शेवटी तेच पाणी तीर्थ म्हणून पीत. विष त्या पाण्यात होतं. वास त्यांना येत नव्हता, कळणार कसं? पिऊन ते कलंडले आणि लिंग हातातून खाली पडलं. मग कुणीतरी आत आलं. पूजेचं भांडं धुतलं, विष घातलेला अर्धाच कप चहा आणि बाटली आणून ठेवली. पूजा झाल्याशिवाय ते चहा घेत नाहीत हे त्या माणसाला ठाऊक होतं, म्हणून पूजा पुरी झाल्यासारखं दाखवणं भाग होतं. पण तेवढ्यासाठी लिंग कसंही डबीत कोंबून चाललं असतं. बाजूला माणूस मरायला टेकलेला, कुणीही येईल अशी वेळ, अन् ते धुवून पुसून धुतल्या फडक्यात गुंडाळत कोण बसेल? हा माणूस बसला. जमिनीवर पडलेलं लिंग त्याला बघवलं नाही."

तिनं एकेकाकडे बघितलं.

"कमलबाई त्याला शिवल्या नसत्या. विरेशरावांच्या लेखी तो दगड. घरात तिसरं कोण होतं?"

"पुरावा काय हाय?" विरेश ओरडला. "उगं माझ्या बायकोवर..."

"पुरावा समाधीत आहे. ते लिंग विषाच्या पाण्यातून निघालेलं. कितीही धुतलं तरी त्याला विषाचा अंश चिकटलेला असणारच. फौजदारसाहेब परवानगी आणतील, समाधी उकरतील..."

"न्हाई!" अनुपमा किंचाळली. "समाधीला हात लावू नका! बसलेल्या माणसाला उठवू नका, पाप लागंल!"

आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. ती खाली बसली आणि डबी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"लिंग खाली पडलं होतं," ती म्हणाली. "मला राहवलं न्हाई."

"अन् बाजूला सासरा तडफडत होता, ते राहवलं?" भागवतकाका म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज असा चढला नव्हता.

"माझ्या लेकीचं लग्न मोडलं असतं! तिचं काय चुकलं होतं? मी पाया पडले अप्पांच्या. म्हणले, तिचं होऊ द्या, मग जावा कुठं जायचं तिकडं. त्यांनी ऐकलं न्हाई. म्हणले, माझ्याकडं किती दिवस उरलेत कुणाला मालूम?"

फौजदार उठले. विरेश भिंतीला टेकून उभा होता. त्यानं बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. कमलबाई उंबऱ्यावरून माघारी गेल्या.

राजेश्री त्रिवेणीजवळ गेली. "तुझ्या बोलण्यानं ते गेले नाहीत. तुझा फोन झाल्यावर त्यांनी बादलीची चौकशी केली होती. ते माल्टाला निघालेच होते."

त्रिवेणीनं मोठा श्वास घेतला. महिनाभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

तेवढ्यात दारातून अनुपमा वळली.

"ताई, त्या दिवशी अप्पांशी बोलून झाल्यावर तुमी मला फोन केला होता ना? सांगा की ह्यांना तुमी काय म्हणलात."

त्रिवेणीनं मान खाली घातली.

"तुमी म्हणलात, वैनी, घरात तुमी हाव, मी लांब हाय. काय बी करा, पण हे लग्न होऊ देऊ नका. काय बी करा. दोनदा म्हणलात. मी एकटीच किती दिवस रडायले होते, तुमचा आधार वाटला मला."

फौजदार तिला घेऊन गेले. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गल्लीतल्या बायका काय झालं म्हणून एकमेकींना विचारू लागल्या.

"तसं म्हणायचं नव्हतं हो मला," त्रिवेणी म्हणाली. "आपण बोलतो ना रागात... तसं."

"माहीत आहे."

"तुमी खरं शोधून काढलं. पण मला खरं नको होतं. मी न्हाई मारलं, एवढंच ऐकायचं होतं." तिनं राजेश्रीचा हात धरला. "सांगा ना. मी मारलं का?"

"कायद्यानं नाही," राजेश्री म्हणाली.

त्रिवेणी तिच्याकडे बघत राहिली. पुढचं काहीतरी येईल म्हणून ती थांबली होती. राजेश्रीनं तिचा हात सोडवला आणि काकांना गाडी काढायला सांगितली.