टेपचं दुसरं टोक

पहिल्यांदा खटकलं ते फलाटाचं माप.

राजापेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे कुलदीपदादा, माझा मोठा भाऊ, प्लायवूडवर रेल्वे उभी करतो. सकाळी क्लासमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी बोटाएवढे डबे रंगवायचे. पण मनानं काही रचणार नाही. खरं स्टेशन गाठायचं, फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि मगच लहानसं तसंच्या तसं करायचं. यंदा त्यानं मूर्तिजापूरकडची बंद पडलेली छोटी लाइन घेतली होती. तिच्यावरचं एक हॉल्ट, एक फलाट आणि तिकिटाची एक खोली एवढंच स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही.

मापं घ्यायला नेहमी मी त्याच्याबरोबर जायचे. टोक धरून तो पुढे जाणार, टेपची डबी माझ्या हातात, आकडा मी वाचणार. आवाज पोचत नसेल तर टोक धरणाऱ्यानं दोन झटके द्यायचे. म्हणजे, वाच. लहानपणापासूनचा आमचा नियम. त्या रविवारी मला ताप होता म्हणून तो एकटाच गेला, आणि फलाटाची सगळी मापं घेऊन आला.

“एवढा लांब फलाट. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं?” मी विचारलं.

“होता एक बुढा. लाइनीवरचा जुना गँगमन असन.” त्याची करवत चालूच होती. “बोलतच नाही तो. टोक धरलं की एकच म्हणे, ‘धरलं हाय. घ्या माप.’ अन् दोन झटके.”

“दोन झटके त्याला कोणी शिकवले?”

करवत थांबली.

“मीच सांगतलं असन. तू कावून पोलिसासारखी विचारून राहिली, पायल?”

तिकिटाच्या खोलीचं आतलं माप तेवढं राहिलं होतं. जाता जाता मात्र बुढ्यानं म्हणे सांगितलं, आतलं माप घ्याचं असन तर तुमचं माणूस घेऊन या.

चार-पाच दिवसांनी त्यानं तो बुढा केला आणि फलाटावर चिकटवला. पाठमोरा, धोतर, डोक्याला फडकं. मी म्हटलं, तोंड इकडे कर की. दादानं ब्रश रंगात बुडवला आणि तसाच खाली ठेवला. डब्याचा खिळा न् खिळा ज्याच्या लक्षात राहतो, तो माझा भाऊ म्हणाला, “चेहरा आठवतच नाही ना.”

त्याला एकट्याला पाठवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. निघताना आईला म्हणाले, अंधार पडायच्या आत त्याला घरी आणते.

पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी फुटलेली, रूळ गवतात बुडालेले. माणूस कुठेच नाही. दादानं “ओ बाबा” म्हणून दोन हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. मला बरंच वाटलं.

तरी मी खोलीभोवती एक चक्कर मारली. आमच्या गच्चीवरच्या खोलीएवढीच ती. तिकिटाची खिडकी विटांनी बुजवलेली, मागे सरळ भिंत आणि भिंतीला लागून कपाशी. दार एकच, पुढचं.

“मी आत जाते. तू डबी धर,” मी म्हणाले.

“तू? पाल दिसली की मूर्तिजापूरपावेतो पळशील.” तो हसला, टोक घेऊन वाकून आत गेला.

आत उजेड नव्हता. वटवाघळांचा कुबट वास येत होता. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास... रॉकेलचा. आत्ताच कोणी कंदील विझवावा तसा.

सर्र... सर्र... टेप सुटत राहिला. दोन मीटर. तीन. आता भिंत लागायला हवी होती.

चार. पाच.

“दादा, भिंत लागली का?”

टेप चालत्या माणसाच्या गतीनं जात होता. अडखळत नव्हता, वळत नव्हता. भिंतीपलीकडची कपाशी खोलीच्या कडेनं मला इथून दिसत होती. तिचं एक पानही हलत नव्हतं. मग डबीतून शेवटचा हिसका बसला. तीस मीटरचा सगळा टेप आत गेला होता.

“दादा... बाहेर ये. माप नको मला.”

दोन झटके.

डबी सोडून पळावं असं वाटलं. पण सोडली, तर दादाला धरून ठेवणारं माझ्याकडे काय उरलं? डबी डाव्या मुठीत आवळली आणि उजव्या हातानं त्याचा फोन लावला. रिंग माझ्या कानात वाजत होती. खोलीत नाही. कट झाला. पुन्हा लावला.

दोन झटके. हळूच... समजूत घातल्यासारखे.

तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला काही हललं. दारातून कोणी बाहेर आलं नव्हतं, मी दारासमोरच उभी होते. तरी रुळांमधून एक माणूस मूर्तिजापूरच्या दिशेनं चालला होता. पाठमोरा, धोतर, डोक्याला फडकं. आणि उजवा हात सारखा झटकत होता, खूप वेळ काही घट्ट धरून ठेवल्यावर आपण मोकळा करतो तसा.

“ओ बाबा... थांबा ना...” त्यानं मागे पाहिलं नाही.

तिसऱ्यांदा फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. आणि उचलला.

“दादा?”

आवाज त्याचाच होता. थकलेला नाही, घाबरलेला नाही. फलाटावरच्या कुणा अनोळखी बाईशी बोलावं तसा.

“धरलं हाय. घ्या माप.”