खंडेनवमीनंतर अडलेलं यंत्र

"परसू, पेचकस आणलास का?"

"आणलाय! पण आमच्या अण्णाला कळलं तर माझी धडगत नाही!"

"सरी, सरी! बरं, आधी आत ये," राजलक्ष्मीने शेजारच्या परसूला ओढून घेतलं आणि दार लोटलं. धाकटा खंडोजी खिडकीत पहाऱ्याला बसला होता.

दसऱ्याची सुट्टी होती, पण बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या या घरात सण नव्हता. श्रावणात राजलक्ष्मीची आई वारली होती. वडील हणमंतराव, म्हणजे अप्पा, घरी बसून एका विमा कचेरीची आकडेमोड करत. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनं यंत्र होतं. खटके लावून आकडे बसवायचे, दांडा फिरवायचा, की गुणाकार तयार! यंदा सण करायचा नव्हता, तरी पोट भरणाऱ्या यंत्राची खंडेनवमीची पूजा अप्पांनी चुकवली नाही. दुसऱ्या दिवशी दांडा फिरवला, तर तो अर्ध्यातच अडला. जोर लावला, तर उत्तर चुकलं.

मेकॅनिक फत्तेसिंग यंत्र दुकानात घेऊन गेला आणि तासाभरात ते घेऊन परत आला. "म्हातारं झालंय, साहेब. आतले दात झिजलेत. आता भंगारातच!"

"घेऊन जा मग, उद्या," अप्पा म्हणाले. घासाघीस नाही, काही नाही. सोमवारी काम पोचलं नाही तर ते दुसऱ्याला मिळणार होतं, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं.

राजलक्ष्मीला रात्रभर झोप लागली नाही.

"परवापर्यंत पळत होतं," ती आता म्हणाली. "दोन दिवसांत कोणी म्हातारं होतं का?"

"आई पण दोन दिवसांतच गेली," खंडोजी म्हणाला.

मग परसू यंत्रावर वाकला. "अगं, हे बघ! स्क्रूच्या खाचेत पूजेचं कुंकू तसंच आहे! त्याने झाकण उघडलंच नाही!"

"लबाड!" राजलक्ष्मी म्हणाली. "दे तो पेचकस!"

झाकण निघालं. आतली चाकं लालभडक झाली होती. हळद, कुंकू आणि फुलांचं पाणी मिळून चिखल वाळला होता. दोन दात्यांच्या मध्ये अक्षतांचा एक दाणा घट्ट रुतला होता.

"हे कसलं म्हातारपण! ही तर पूजा!" परसू ओरडला.

"पण पूजा दर वर्षी होते की," खंडोजी म्हणाला.

राजलक्ष्मीला आठवलं. दर वर्षी पूजा आई मांडायची. आधी यंत्राला धुतलेला पंचा गुंडाळायची आणि कुंकू पंच्याला लावायची. वर इतकी फुलं वाहायची, की नमस्काराला आलेल्या अप्पांना पंचा दिसायचाच नाही.

"रॉकेल आण, खंडू! आणि तुझा रंगाचा ब्रश!"

परसूने घरून शिलाई मशीनचं तेल आणलं. चिंधीवर चिंधी लाल होत गेली. शेवटी दांडा फिरला!

तेवढ्यात फत्तेसिंग आला. मागे अप्पा होते.

"हात लावलात? वाट लावली यंत्राची!"

"फत्तेसिंग काका," राजलक्ष्मीने विचारलं, "तुम्ही आत पाहिलं तेव्हा चाकांचा रंग कसा होता?"

"रंग? काळा! लोखंडाला दुसरा रंग असतो का?"

तिने चिंध्या पुढे केल्या. फत्तेसिंगने एकदा चिंध्यांकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. "गडबडीत राहून गेलं असेल," असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

"सतरा गुणिले एकोणीस!" खंडोजी ओरडला. परसूने दांडा फिरवला. तीनशे तेवीस!

"शाबास रे पोरांनो! शाबास!" अप्पांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. मग त्यांनी एक लाल चिंधी उचलून उलटसुलट पाहिली. "हे मीच घातलं ना आत? आधी कधी असं झालं नाही."

राजलक्ष्मीने पंच्याचं सांगितलं.

"दर वर्षी?"

"हो, अप्पा."

"मला कधी बोलली नाही."

ते यंत्रापुढे बसले. सोमवारचे कागद बाजूला पडले होते. आकडे आई वाचून दाखवायची, अप्पा बसवायचे. राजलक्ष्मी आईच्या स्टुलावर बसली, पहिला कागद उचलला आणि आकडा वाचला.

अप्पांचा हात दांड्यावर तसाच राहिला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने. दांडा फिरला.