सेऊलचं भावकंकण

सेऊलच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला की शेजारच्या खिडकीतून प्रवाशाला एक कंकण मिळे. राखाडी रंगाचं, रबरासारखं मऊ. घ्यायची सक्ती नव्हती, पण बहुतेक जण घेत. त्या शहरातल्या लोकांनी एकमेकांना ‘चालेल ना तुम्हाला?’ असं विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं. चालणार असलं तरी मनगटाला कळे आणि नसलं तरी कळे.

मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं ‘भावकंकण’ असं बारसं केलं होतं. माणसाच्या मनात काही हललं की त्याच्या त्वचेतून अगदी सूक्ष्म द्रव्यं हवेत सुटतात. घाबरलेल्या माणसाचा वास कुत्र्याला येतो, तो असाच. आपल्या नाकाला ते जमत नाही, कंकणाला जमत असे. समोरचा माणूस खूश असला तर ते मनगटाला हलक्या गुदगुल्या करी, चिडला असला तर चिमटा घेई आणि त्याला लाज वाटत असली तर चुलीजवळ हात धरल्यासारखी धग देई. एवढ्या दाटीवाटीच्या, सतत धावणाऱ्या शहरात त्यामुळे भांडणं कमी झाली, असं तिथले लोक सांगत.

धैर्यशीलराव घाटगे यांनी स्वतःसाठी कंकण घेतलं नाही. ते कोल्हापूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि या सहलीआधी सहा महिने कोरियन शिष्टाचाराचा अभ्यास करत होते. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी, भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचू नयेत, मेट्रोत मोठ्याने बोलू नये, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी पत्नीचा हात पुढे ओढला आणि कंकण तिच्या मनगटावर स्वतः बसवलं. “तुला लागेल हे,” ते म्हणाले.

वनिताबाईंना आयुष्यात अनोळखी माणूस असा भेटलाच नव्हता, कारण त्या शेजारी बसल्या की समोरचा फार वेळ अनोळखी राहत नसे. भाषेची अडचण त्यांना ठाऊक नव्हती. टॅक्सीवाल्याशी, हॉटेलातल्या मुलीशी, चौकातल्या पोलिसाशी त्या अस्सल कोल्हापुरीत बोलत आणि समोरचा काहीतरी कोरियन बोले. दोघांचंही समाधान होई. पहिल्या सकाळी तर मनगटाला इतक्या गुदगुल्या झाल्या की त्या धैर्यशीलरावांना म्हणाल्या, हे गाव आपल्या गावासारखंच आहे.

मग दोघं मेट्रोत शेजारी-शेजारी बसली. डब्यात माणसं खच्चून भरलेली, पण आवाज नाही. वनिताबाईंनी पिशवीतून भडंगाचा डबा काढला. लसणाचा वास पसरला. त्यांनी मूठभर भडंग पलीकडच्या म्हातारीपुढे धरलं आणि ‘घ्या की वो’ म्हणून आग्रह सुरू केला. म्हातारी आधी गोंधळली, मग दोन्ही हात पुढे करून तिने भडंग घेतलं आणि तोंडावर पदर नसतानाही पदराआड हसावं तशी हसली. त्याच क्षणी वनिताबाईंच्या मनगटाला धग लागली. त्यांनी डब्यात सगळीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. साऱ्या डब्याला आपली लाज वाटते आहे, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी झाकण लावून टाकलं.

पुढे तसंच होत राहिलं. जुन्या राजवाड्यात भाड्याने मिळणारा रेशमी घोळदार पोशाख घालून त्या स्वतःलाच हसल्या, तर धग. बाजारात मुगाचं धिरडं टाकणाऱ्या बाईला ‘जरा तिखट घाल गं’ म्हणून सांगायला गेल्या, तर धग. हळूहळू त्या गप्प झाल्या. खालमानेने जेवू लागल्या, मेट्रोत हात मांडीवर ठेवून बसू लागल्या. धैर्यशीलरावांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते या शहराने आठवड्याभरात केलं, असं त्यांच्या मनात आलं. ‘आता जमायला लागलं तुला,’ अशी शाबासकीही त्यांनी दिली.

त्यावर वनिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला घरी न्या वो,” त्या म्हणाल्या. “हितल्या लोकांना माझी शिसारी आलीया.”

सहल अजून बरीच बाकी होती. कंकण बिघडलं असेल, या आशेवर धैर्यशीलरावांनी शर्वरीला फोन केला. शर्वरी ही वनिताबाईंच्या बहिणीची मुलगी. भावकंकण जिथे तयार झालं त्याच प्रयोगशाळेत ती काम करत होती. दुपारी ती बाजारातच भेटायला आली. तिघं धिरड्यांच्या गाड्यासमोरच्या बाकावर बसली. शर्वरीने कंकण तपासलं. ते ठणठणीत होतं.

मग तिने मावशीला सगळं नीट विचारलं. धग कधी लागते, शेजारी कोण असतं, किती वेळ राहते. उत्तरं ऐकता ऐकता तिने एकदा काकांकडे पाहिलं. धैर्यशीलरावांनी तिला समजावलं की इथले लोक फार मर्यादशील, त्यांना साहजिकच वनिताची लाज वाटत असणार.

“परक्या माणसाची कुणाला लाज वाटत नाही, काका,” शर्वरी म्हणाली. “परक्याचा राग येतो, हसू येतं. लाज आपल्या माणसाची वाटते.”

कंकणाला हातभर अंतरापलीकडचं काही कळत नाही, हेही तिने सांगितलं. मेट्रोचा सगळा डबा त्याला कळणं शक्यच नव्हतं. त्यानंतर तिने काकांना समोरच्या खांबापर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि मावशीला म्हणाली, तू त्या बाईशी बोल, तुला बोलायचं तसं बोल.

धैर्यशीलराव खांबापाशी गेले. तिथून त्यांना दिसलं, वनिताबाई भीतभीत उठल्या, गाड्यावरच्या बाईला तव्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. बाई मोठ्याने हसली. वनिताबाईंनी मनगटाकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. कितीतरी दिवसांनी तो आवाज बाजारभर ऐकू गेला, आणि धैर्यशीलरावांनी नकळत आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

ते परत आले. बाकाशी पोचले तशी वनिताबाईंनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं. शर्वरी खाली पाहत राहिली. शहराने नव्हे, आपणच या बाईला गप्प केलं, हे धैर्यशीलरावांना कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्वरीने कंकण काढायला हात पुढे केला, पण वनिताबाईंनी मनगट मागे घेतलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुटं खरं कळाय लागलंय.”

धैर्यशीलराव त्यांच्या शेजारी बसले. संसारात त्यांनी बायकोची माफी कधी मागितली नव्हती. शेवटी ते म्हणाले, “वनिता, मला आत्ता तुझी नाही, माझीच लाज वाटते आहे.”

ते अक्षरशः खरं होतं. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. वनिताबाईंनी कंकण जरा वर सरकवलं. खालची कातडी लाल झाली होती.

“शर्वरे, हे खरं बोलत्यात का?” त्यांनी विचारलं. “तुझं कंकण काय म्हणतंय?”

शर्वरीला उत्तर द्यावं लागलं. “त्याला लाज कळते, मावशी. कुणाची ते कळत नाही.”

धैर्यशीलराव पुन्हा बोलू लागले, शपथ घेऊ लागले. पण जितकं त्यांना वाईट वाटे तितकी धग वाढे, आणि वाईट वाटणं थांबवणं काही त्यांच्या हातात नव्हतं. वनिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता शीण होता.

“जरा लांब उभं ऱ्हावा,” त्या म्हणाल्या.

ते उठले आणि एक पाऊल मागे सरले. वनिताबाईंच्या कपाळावरची आठी सैल झालेली दिसली, म्हणून ते आणखी एक पाऊल मागे सरले.