जुन्या गावची गिरणी

सिद्रामप्पा सरांना दवाखान्याचा भारी कंटाळा. तरी पेसमेकर तपासायला ते दर सहा महिन्यांनी न चुकता एकटेच येत, कारण डॉक्टर मालविका त्यांची जुनी विद्यार्थिनी. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं त्या दिवसांत सरांनी तिला पत्र्याच्या शेडमध्ये गणित शिकवलं होतं. ती मशीनवरचे आकडे वाचू लागली की सर हमखास चिडवत, "पडताळा करून बघ, बाई."

आज मात्र ती हसली नाही. मागच्या महिन्यात एका दुपारी पेसमेकरनं बाहेरचा विजेचा गोंगाट टिपला होता. त्यालाच हृदयाचे ठोके समजून तो बिचारा गप्प बसला, आणि सहा सेकंद सरांचं हृदय थांबलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर सर हाती लागले नसते. काही औषधांनीही ठोके अडखळतात, म्हणून तिनं गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहिली. सगळ्या जुन्याच होत्या.

"सर, तीस सप्टेंबरला कुठं होता? वेल्डिंगजवळ? मोठ्या मोटारीपाशी?"

"जुन्या गावात. आमच्या तारामतीच्या गिरणीपाशी."

भूकंपानंतर ते गाव तिथून उठून नव्या जागी वसलं होतं. आता तिथं बाभळी आणि दगडांचे ढीग. विजेचे खांबही कधीच काढून नेलेले.

सर बोलत राहिले. ते शिकवणीसाठी लातुरात राहत, बायको गावात गिरणी चालवायची. शनिवारी एसटीतून उतरलं की आधी पट्ट्याची फटफट ऐकू यायची, मग ज्वारीच्या पिठाचा वास. किती सुखाचे दिवस होते ते! तीस सप्टेंबरच्याच पहाटे भूकंप झाला, तेव्हा ती गावात ढिगाऱ्याखाली गेली आणि सर इथं लातुरात होते. त्याची माफी त्यांनी स्वतःला कधी दिली नाही.

"त्या दुपारी पट्टा फिरून राहिला होता, मालविका... अंधारी आली, पण लई बरं वाटलं."

मालविकाला भरून आलं. तरीही बाहेरचा कुठलाच गोंगाट पेसमेकरनं मनावर घेऊ नये, अशी सेटिंग ती करू लागली.

"राहू दे," सर हळूच म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, सगळा दवाखाना गपगार झाला. बॅटरीवरच्या मशीनच्या पडद्यावर मात्र गोंगाटाची दाट रेघ उमटू लागली. सरांची मान कलली. मालविकानं घाईघाईनं नवी सेटिंग पक्की करणारं बटण दाबलं. ठोके परत आले, एकसारखे, मिनिटाला सत्तर.

सरांनी डोळे उघडले. ते रडत होते.

"आता मला ऐकू यायचं न्हाई, पोरी... मंग तिलाच यावं लागंल."

दार लोटून कंपाउंडर रामकिशन आत डोकावला.

"मॅडम, सरांसोबतच्या बाई बाहेर बाकड्यावर बसल्यात. आत सोडू का?"

"कोण बाई?"

"नाव सांगंनात..." त्याचा आवाज खाली आला. "दोनदा फरशी पुसली मी, तरी पीठ सांडूनच राहिलंय. गरम हाय ते."