आपल्यांसाठी गप्प

"खाली बस! आणि तोंड मिट!"

हेनिंगशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. नोव्हेंबरचा बोचरा पाऊस, अमेरिकन फुटबॉलचं आमचं सगळं स्टेडियम श्वास धरून बसलेलं, आणि माझ्या शेजारचा हा उंच परदेशी उभा राहून गात होता. कोरी लाल टोपी, हिरवे डोळे आणि आवाज... सरळ बैलाचा!

मागून म्हातारा ऑर्व्हिल खेकसला, "मार्ली, हे ध्यान नदीपलीकडच्या संघानं पाठवलंय का गं?"

हेनिंग ओशाळून बसला. "मी आपल्याच पोरांना जोश देत होतो!"

"चेंडू आपल्याकडे असला की गप्प राहायचं. त्यांना एकमेकांच्या हाका ऐकू यायला हव्यात. नदीपलीकडच्यांकडे गेला, की मग घसा फाड."

"म्हणजे आपल्यांसाठी गप्प... आणि परक्यांसाठी बोंब?" तो विचारात पडला. "आमच्या गावी, ब्रेमेनला, आम्ही आपल्यांसाठीच गातो. रात्र रात्र जागून तुमचे सामने पाहिलेत मी. पण टीव्हीवर ही शांतता ऐकूच येत नाही."

मला राग यायला हवा होता. तो बसला होता ती जागा क्लिंटची. माझ्याशी लग्न ठरवून तो डेन्व्हरला निघून गेला, आणि शेजारच्या जागेचं तिकीटही विकून मोकळा झाला. निघाला त्या दिवशी मी भर रस्त्यात अशी ओरडले की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. तेव्हाच ठरवलं – जाणाऱ्या माणसात जीव गुंतवायचा नाही. आणि हा तर उद्याच परत जाणार होता.

मध्यंतरात मी त्याच्या हातात राजम्याच्या तिखट, गरम चिलीची वाटी ठेवली, वर दालचिनीचा गोड रोल.

"तिखट आणि गोड... एकत्र?"

"खा मुकाट्यानं."

त्यानं खाल्लं. मग माझाही रोल उचलला.

"चोर!"

"पाहुणा," त्यानं मला सुधारलं. ओठावरची साखर पुसायची राहिलीच. मी बघत राहिले, निर्लज्जासारखी.

नंतर चेंडू पलीकडच्यांकडे गेला, की एकाच ब्लँकेटखाली आम्ही दोघं घसा बसेपर्यंत ओरडत होतो.

शेवटचा डाव आमचा, चेंडू आमच्याकडे. एवढी माणसं, पण टोपीवरची पावसाची टपटप ऐकू येत होती. हेनिंग गायला नाही. नुसता माझा हातमोजा पकडून बसला.

चेंडू आमच्या पोराच्या बोटांतून निसटला. हरलो. पलीकडचे नाचले.

लोक उठले. हेनिंग उठला नाही.

"मार्ली... पुढच्या वर्षी मी परत आलो, तर इथेच बसू? तुझ्याशेजारी?"

माझ्या जिभेला सगळं गाव टरकून असतं. 'तिकीट काढ आणि बस,' असं तोंडावर फेकायचं होतं. 'सगळे असंच म्हणतात,' हेही. पण एक अक्षर फुटेना.

"बोल की!" ऑर्व्हिल म्हणाला. "एरवी तर कान किटवतेस."

हेनिंगचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं... नीट पाहिलं. मी नजर वळवली नाही.

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं – गाणारा माणूस तो! – आणि पुन्हा मिटलं.

पावसात, रिकाम्या होत चाललेल्या त्या बाकांवर आम्ही बसून राहिलो. गप्प. दोघंही.