रोज सत्त्याण्णव

तो फोन खरं तर तिने करायचाच नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या कंपाउंडरला ताप भरला, तो घरी गेला आणि त्याच्या यादीतली अर्धी पानं तिच्यापुढे आली. त्यातला तिसरा नंबर तिने लावला.

"बोला..." पलीकडून कुणीतरी कुजबुजलं.

ती फिजिओथेरपिस्ट होती. साथ आल्यापासून क्लिनिकला कुलूप, आणि तिची नेमणूक एका बंद शाळेत. घरीच ठेवलेल्या रुग्णांना रोज अकराला फोन करायचा. ताप, नाडी, ऑक्सिजन लिहून घ्यायचा. वर्गातल्या फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख तशीच होती, ती पुसायला कुणी धजावत नव्हतं. यादीतल्या एखाद्या नंबरावर घंटी नुसतीच वाजत राहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर रेघ मारलेली असायची.

कुजबुजणारा चष्म्याचा दुकानदार निघाला. घरात तो आणि वडील, दोघंच. वडील आजारी, आतल्या खोलीत, दार बंद. ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं आणि बाबांनी ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा आतूनच सांगायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाबा, किती?"

"सत्त्याण्णव. नाडी शहात्तर," दारामागून आवाज आला.

इतकं हळू का बोलता, असं तिने विचारलं. घर एवढं गप्प झालंय, तो म्हणाला, की मोठ्याने बोललं तर आपणच दचकतो. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण त्या रिकाम्या वर्गात तिचं हसू तिलाच परकं वाटलं.

मग अकरा वाजायची ती वाटच बघू लागली. आकडा लिहून झाला तरी फोन लगेच ठेववत नसे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आवाजावरून तुमच्या चष्म्याचा नंबर सांगू? उणे दोन."

तिचा हात नकळत नाकाकडे गेला. "चूक. उणे सव्वादोन."

"म्हणजे पाव नंबरानेच हुकलो. समोर असता तर तेवढंही हुकलो नसतो."

घरी मधुमेही आईला जपायचं म्हणून ती जिन्याखालच्या खोलीत वेगळी राहायची. आईने त्या संध्याकाळी खिडकीतूनच विचारलं, आज स्वारी एवढी खुशीत कशी? ती म्हणाली, एक रुग्ण बरा होतोय.

सहाव्या दिवशी तिने सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकाचे वर-खाली होत होते, घसरत होते, सावरत होते. एकाच ओळीत सत्त्याण्णव, शहात्तर. सत्त्याण्णव, शहात्तर. जिवंत माणसाची रेघ इतकी सरळ नसते.

तिने फोन लावला. "बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलं...?" आवाज रोज ऐकू येतो, तो म्हणाला. ताट मात्र दोन दिवस भरलेलंच परत येतंय.

तेवढ्यात कुणी विचारलेलं नसताना दारामागून आवाज आला. "सत्त्या... ण्णव." मधे एक श्वास होता.

"आत जा," ती म्हणाली. "दोन मास्क लावा, खिडकी उघडा आणि फोन त्यांच्या छातीपाशी धरा. बोलू नका."

दार करकरलं. मग नुसता श्वास, लहान, घाईघाईचा. घड्याळ पुढ्यात धरून ती मोजत राहिली. मिनिटात चौतीस, नेहमीच्या दुप्पट.

रुग्णवाहिका येईपर्यंत तिने फोन ठेवला नाही. बाबांना नेल्यावर त्याने ऑक्सिमीटर पाहिला. सेल संपलेले. बाबा नोकरीभर विजेचे मीटर वाचत हिंडलेले. घराला कुलूप दिसलं की मागच्या महिन्याचाच आकडा टाकायचा आणि पुढे जायचं. सेल आणायला पोरगा बाहेर पडेल या धास्तीने त्यांनी इथेही तेच केलं होतं.

त्या ओळीपुढे तिने 'दाखल' लिहिलं. त्यानंतर फोन करायचं कारण उरलं नव्हतं. दोन दिवस तिने केला नाही. तिसऱ्या दिवशी अकराला केला, तर घंटी वाजतच राहिली. पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"बाबांचा ऑक्सिजन वाढतोय. आज नर्सशी भांडले म्हणे."

"आणि तुम्ही?"

"...कालपासून ताप आहे."

त्या खोलीत त्याला तिनेच पाठवलं होतं. तिने तसं म्हणूनही दाखवलं. तो म्हणाला, पाठवलं नसतंत तर भांडायला बाबा उरले नसते.

शाळेच्या प्रोजेक्टरच्या रिमोटमधले दोन सेल काढून ती त्याच्या घराकडे निघाली. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चौकातला सिग्नल कुणासाठीच नाही असा लाल होत होता, हिरवा होत होता. एका खिडकीत कुणी खोकलं की दोन घरं सोडून दुसरं कुणी खोके, जणू निरोप पुढे जात होता. त्याच्या फाटकाच्या कडीला सेलची पुडी अडकवून ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने काचेमागे तो दिसला. उंच, दाढी वाढलेला, आवाजापेक्षा तरुण. त्याने यंत्र लावलेलं बोट काचेला टेकवलं. तिने फोन कानाला लावला.

"इथून दिसत नाही. तुम्हीच सांगा."

तो बोटाकडे बघत राहिला. क्षणभर तिला वाटलं, आता हाही सत्त्याण्णव म्हणणार.

"त्र्याण्णव," तो म्हणाला. "आणि... भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली. "पालथे झोपा, छातीखाली उशी घ्या. आकडा खाली गेला तर गाडी मी बोलावते."

"उद्या अकराला फोन कराल ना?"

"आज दोनला करते. मग चारला. मग सहाला."

काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. "यादीतल्या सगळ्यांनाच एवढे फोन करता?"

"नाही," ती म्हणाली.